कितीचा घ्यावा

दुकानदार पेन आपटत विचारतो,
घरात माणसं किती?
पाच, म्हणालो मी,
आणि लगेच वाटलं, उत्तर जरा घाईत दिलं.

पाच ऐकल्यावर त्याचं बोट सरळ पन्नास लिटरवर.
पांढरा, गुबगुबीत, भरला की सत्तर किलो.
बाजूला पस्तीस, पंचवीस, पंधरा,
शाळेच्या फोटोत उंचीनं उभे केल्यासारखे.

हिशेब त्यानंच पावतीच्या पाठीवर मांडला:
पंचवीस लिटर कढत, त्यात नळाचं गार,
झाल्या तीन बादल्या.
पन्नासच्या सहा.
पाच माणसं, पाच बादल्या, एक पाहुण्याला.
गणितात चूक काही नव्हती.

पण मी फेरीवरचा खलाशी.
दिवाडीत माणसं किती, यावर फेरीबोट ठरत नाही.
सव्वाआठला धक्क्यावर एकदम किती येतात,
त्यावर ठरते.

म्हणून पावती उलटी करून मी वेळा लिहिल्या.
पहिली पाळी असली की मी पहाटे साडेतीनला,
दिवा न लावता, अर्धीच बादली.
बाबा सहाला. गुडघ्यांवर तांब्या तांब्यानं ओततात
आणि प्रत्येक तांब्याला काहीतरी पुटपुटतात,
देवाचं की सरकारचं, कळत नाही.
सव्वासहाला मैथिली, केस धुवायचे असले तर दोन बादल्या,
दारावर थाप मारल्याशिवाय बाहेर नाही.
दर्शना बांबोळीहून रात्रपाळी करून नऊला.
ती आधी न्हाणीत जाते, मग घरात येते.
सोहन संध्याकाळी, फुटबॉलचा अर्धा चिखल अंगावर.

म्हणजे खरी गर्दी पंधरा मिनिटांची,
बाबा आणि मैथिली यांच्यामध्ये.
बाकी दिवसभर पाण्याला तापायला वेळच वेळ.

"आणि रविवार?" दुकानदारानं विचारलं.
विचारायला नको होतं.
आमचे पाचही जण घरात आहेत असा रविवार
मला आठवेना.

चवथीला येतात सगळे, अकरा, कधी तेरा.
तेव्हा मागच्या अंगणात भाण लावतो,
चुडतं जाळतो,
धुरानं डोळे चुरचुरले की कुणीतरी म्हणतंच
असं पाणी गिझरला यायचं नाही.
आणि पुढच्या आठवड्यात बटण दाबतं.

पंचवीसचाच घेतला.
खोकं फेरीवर चढवलं, स्कूटरींच्या मधे,
आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं, कितीचा?
फिलोमेना म्हणाली, लहान पडेल.
मास्तर म्हणाले, वीजबिल बघ.
एकजण नुसताच खोक्यावर टेकून उभा राहिला.

इनास मिस्त्रीनं भिंतीवर बोटांनी टकटक केलं.
"हें विटांचें पार्टिशन. हाका फक्त आरसो लावचो."
मग चिऱ्याची भिंत शोधली, नळ दीड हात लांबला.
ड्रिलमधून तांबडी भुकटी उडाली,
त्याच्या भुवयांवर बसली.
पन्नासचा असता तर, म्हणाला तो,
आणि पुढचं न बोलता स्क्रू आवळला.

आता तो लाल दिवा लावून बसतो,
विझवतो, पुन्हा लावतो.
पाच माणसांचं घर आहे हे
त्याला कधीच कळणार नाही.
त्याला वाटत असेल एकच कुणीतरी आहे,
पहाटेपासून पुन्हा पुन्हा न्हातंय,
कधी केस लांब, कधी गुडघे दुखतात,
कधी अंगाला डिझेलचा वास, कधी डेटॉलचा.

काल पाळी बदलली. नऊला मी घरीच होतो.
दर्शना न्हाणीतून म्हणाली,
पाणी छान आहे रे,
कुणी आधी न्हालं नाही वाटतं?

मी न्हायचा बाकी होतो.
बाहेर टॉवेल घेऊन उभा होतो.
म्हटलं, नाही, तू घे सावकाश.