हातचे तीन

तुमचा फॉर्म पोचला. सात पानं.
नाम्बेवेच्या नवऱ्यानं झोम्बाहून सायकलवर आणला
पिठाच्या पोत्याखाली दाबून,
म्हणून चौथ्या पानाला सोयाबीनचा वास येतो.
आधी तेवढं कळवते.

पटावर मुलं: त्रेचाळीस.
तुम्ही दिलेले लाल पेले: चाळीस.
सकाळी चर्चमागे फाला शिजते, मक्यासोयाची पेज,
चाळीस पेले भरतात
आणि तिघं भिंतीला टेकून उभी राहतात
कुणाचा तरी रिकामा व्हायची वाट बघत.
रोज तीच तिघं नसतात, हे मी पाहते.
पाळीची यादी डोक्यात आहे,
कागदावर मागू नका.
मी शाळेत होते तेव्हा बेरजेत हातचा विसरायचे,
मास्तरांची पट्टी बोटांवर बसायची.
आता नाही विसरत.
हातचे तीन. रोज.

दुसऱ्या पानावर विचारलंय,
जानेवारीत हजेरी एवढी कशी वाढली,
शिकवण्याची कोणती नवी पद्धत वापरलीत?
सर, किंवा बाई, जे कुणी वाचत असाल,
जानेवारीत आमच्या कणग्यांचा तळ दिसतो.
शेतात मका खांद्याएवढा, पण कणसात नुसतं पाणी.
पद्धत होती ती पातेल्यात होती,
आणि ढवळत होती नाम्बेवे.
तिला पगार नाही. मलाही नाही.
तक्रार नाही ही,
रकाना रिकामा होता.

ठोकळे आवडले.
जाइलोस घर बांधेल म्हणून आम्ही बघत बसलो.
त्यानं फक्त निळे वेचले,
चिकटून चिकटून जमिनीवर पसरले.
तळं, म्हणाला.
मग काठाकाठानं एकेक उचलत आत गेला,
शेवटचा मुठीत धरला.
असं झालं, म्हणाला.
त्याचे वडील मासे धरायचे. आता शहरात विटा भाजतात.
'निष्पत्ती'समोर मी लिहिलंय:
मुलाला वजाबाकी येते.

आता तिसुंगेचं.
ती तुमच्या फॉर्ममध्ये कुठेच नाही.
तिला नववं लागलंय, तुमची अट तीन ते पाच.
तिचा पाठचा भाऊ दीड वर्षाचा,
तोही अटीत नाही,
तो तिच्या पाठीवर आहे, चितेंज्यात घट्ट बांधलेला.
आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते,
तेव्हा दोघं खिडकीबाहेर उभी असतात.
आत मुलं टाळ्या वाजवत म्हणतात
चिमोड्झी, झिविरी, झिताटू,
बाहेर तिचे ओठ हलतात,
आणि त्या लयीत बाळाची मान.

मार्चमध्ये मला हिवताप झाला.
चार दिवस अंथरुणात थरथरत होते,
शाळेला कडी असणार असं धरून चालले होते.
पाचव्या दिवशी भिंत धरत धरत आले
तर आतून आकडे ऐकू येत होते.
तिसुंगे फळ्यापाशी, भाऊ पाठीवर झोपलेला,
पुढ्यात बाटल्यांच्या बुचांचे दहा-दहाचे ढीग.
त्रेचाळीस मुलं. गोंगाट होता, खोटं कशाला सांगू,
एक जण रडतही होता.
पण पेले वाटायची वेळ झाली
तेव्हा तिनं न विचारता तीन नावं घेतली
आणि ती तिघं उठून भिंतीपाशी गेली.
बरोबर तीच, ज्यांची पाळी होती.
मी कुणाला सांगितलं नव्हतं.
तिला पाठ होतं.

सहाव्या पानावर 'मदतनीस' असं आहे.
मी लिहिलंय: एक.
वयाचा रकाना सोडलाय.
शाई संपली असं समजा.

फोटो मागितलाय, कॅमेरा नाही.
सही करते, एलिनाफे,
खाली नाम्बेवेचा अंगठा, त्याला थोडं पीठ लागलंय.

पुढच्या खेपेला पेले पाठवलेत
तर पंचेचाळीस पाठवा.
त्यातला एक
लहान असला तरी चालेल.