सातातलं एक

डबा बिस्किटांचा, झाकणावर गंजलेलं गलबत.
आत वर्तमानपत्र, त्याच्या आत फडकं,
फडक्यात सात रुपये.
काळे, पण चुलीमागच्या भिंतीसारखे नव्हेत,
पिकलेल्या करवंदासारखे, जांभळ्याकडे झुकणारे.
प्रत्येकाच्या माथ्यावर डाख देऊन बसवलेलं एकेक कडं.
म्हणजे खर्चायचे नव्हते,
गळ्यात घालायचे होते.

शशी म्हणाली, पूजेआधी घासून टाका,
लक्ष्मीपुढे असला काळोख मांडतात का कुणी?
तिनं रिठे भिजतही घातले.

म्हापशाच्या बाजारातला घनश्याम रायकर म्हणाला,
आणा इकडे. ॲल्युमिनियमचं पातेलं, खायचा सोडा,
वर उकळतं पाणी,
पाच मिनिटांत राजा दाढी करून बसेल.

मडगावचे डॉक्टर फाल्कांव फोनवर ओरडलेच,
‘घासूं नाकात!’
तो काळेपणा म्हणजे चांदीची कातडी,
सोललेलं नाणं आम्ही मेलेलंच धरतो.
मग आवाज उतरवून, विकणार का?
कडी आहेत म्हटल्यावर मात्र गप्प झाले.
डाख दिलेलं नाणं त्यांच्या वहीत
आधीच मेलेलं होतं.

चला, किमतीचा प्रश्न मिटला.

फडक्याच्या गाठीत चिठ्ठी निघाली.
बाबांचं अक्षर,
नार्व्याच्या धक्क्यावर आमचं दुकान होतं तेव्हाचं,
उदबत्तीच्या पुड्याच्या पाठकोऱ्या कागदावर:
‘एफिजेन, दिवाड. कड्यांची नाणी नग सात.
तांदूळ कुडव दोन.’
खाली ‘परत’ असं लिहून ओढलेली रेघ,
रेघेवर काही नाही.

माझे बाबा सावकार नव्हते.
त्यांनी काटा कधी मारला नाही,
हे मी लहानपणापासून सांगत आलो,
न विचारणाऱ्यांनाही.
ती आलीच नाही,
की आली तेव्हा आम्ही दुकान उचलून
डिचोलीला गेलो होतो?
होडीवाल्यानं तिला काय सांगितलं असेल?

रात्री सगळे निजल्यावर मी एकच घेतलं.
बोटावर पांढरं दंतमंजन, थेंबभर पाणी.
आधी राजाचा कान उजेडात आला,
मग गाल, मग अठराशे ब्याऐंशी.
उलटवलं, मागची बाजूही घासली.
तिथे काहीच वर आलं नाही,
ना मुकुट, ना अक्षरं, तळहातासारखी सपाट.
छातीवर टेकणारी बाजू ती.
तिथलं सगळं एफिजेननं
चालता-वाकताना, लावणी लावताना,
आधीच नेलं होतं.

आणि फडक्यावर जे उतरलं ते काय होतं?
खारी हवा, आमच्या माळ्यावरची साठ वर्षं,
की तिच्या मानेचा घाम?
मी फडकं साबणानं धुतलं.
सवयीनं. पिळून, झटकून,
वाळत घालताना लक्षात आलं.

आता सातवं सहांना ओळखत नाही.
ताटात मधोमध ते एकच लखलखीत,
पाहुण्यांना वाटलं, मुद्दामच मांडलंय.
रायकर म्हणतो, उकडलेल्या अंड्याच्या बलकात ठेवा,
सकाळपर्यंत काळं.
होईल. पण तो काळेपणा अंड्याचा.

बाकीचे सहा मी परत गुंडाळले,
चिठ्ठीसकट.
रिठ्याच्या पाण्यात शशीनं तिची पैंजणं धुतली.

उजळलेलं नाणं सदऱ्याच्या खिशात असतं.
गेल्या रविवारी नार्व्याला उभा होतो,
फेरी लागली, फळी खाली पडली,
दोन स्कूटर, एक मासळीवाली बाई, एक कुत्रा चढला.
फेरीवाल्यानं मान हलवून विचारलं, येता?
मी खिसा चाचपला.
ऑक्टोबरचं ऊन, सदरा पाठीला चिकटलेला.
नाणं ओलं लागलं हाताला,
माझ्याच घामानं.