दारानंच

उचला पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं.
खजुरांच्या वर आधी नुसता निळाच दिसला.
जवळ गेल्यावर कळलं,
यातला अर्धा फरशांचा,
अर्धा आभाळाचा.

घुमट मधोमध चिरलेला.
कुठल्याशा पुरात नदी इथवर चढली
आणि उतरताना अर्धा मकबरा घेऊन गेली.
"फोटो या बाजूनं चांगला येतो,"
राखणदार अल्लावसाया म्हणाला,
आणि मला पडक्या अंगाच्या ढिगाऱ्यावर उभं केलं.

इथून सगळंच उघडं.
भिंत किती हात जाड,
विटांच्या पोटात कुठे घातलीय तुळई,
अष्टकोनाला कितव्या थरात गोल व्हायची बुद्धी झाली,
आणि भिंतीच्या आतून चढणारा एक चिंचोळा जिना
जो आता वाऱ्यात संपतो.
शेवटच्या पायरीवर कबुतर.

जे झाकण्यात गवंड्याची हयात गेली
ते मी फुकटात वाचत होते.
पांढऱ्या चांदणीच्या पोटात निळी चांदणी,
निळीच्या पोटात
बोटाच्या पेराएवढा फिरोजी तुकडा,
तोही इतक्या उंच, की पाहणार कोण?

मग माई सभागी आली. हातात मिठाची पुडी,
मागे नातू सज्जू.
उजवा तळवा भिंतीला लावून ती चालू लागली,
विटेवरून, फरशीवरून,
तुटक्या कडेपर्यंत.
मी वाट पाहिली, आता वळेल.
ती वळली नाही.
तळवा तेवढ्याच उंचीवर,
नसलेल्या भिंतीवरून घासत
ती तशीच गेली, संथ,
जिथे कोपरा होता तिथे कोपरा घेत.

सज्जू मात्र ढिगाऱ्यावरून थेट कबरींपाशी.
"अरे, भिंतीतून येतात का रे माणसं?"
ती ओरडली.

पोरगं थबकलं. मागे गेलं.
हवेत कडी काढल्यासारखं केलं,
जड दार लोटल्यासारखं,
आणि वाकून आत आलं.
माई हसली, दात नसलेलं हसू,
पण चालणं थांबवलं नाही.

माझा एक पाय आत होता.
कुणी मला काहीच म्हटलं नव्हतं.
तरी काढून घेतला.

लांबचा वळसा होता. माती तापलेली.
चपला माईच्या चपलांशेजारी काढल्या
आणि दारानंच गेले.
चौकट ठेंगणी निघाली;
कपाळाला लागलीच.