मिरचीला जाण्याआधी

धान निघालं, तनसीचा ढीग रचून झाला.
माघ संपता संपता जीप येईल,
आमच्या गावच्या अकरा बाया खम्ममकडं नेईल.
त्याआधी मला एवढं तरी बोलता यायला हवं:
पाणी, किती, कमी, नको, उद्या.

एकटी असते तेव्हा सोपं जातं.
चुलीपुढं म्हणते, नीळ्ळू.
चूल काही चूक काढत नाही.
शेळीला विचारते, एंत? किती?
ती कान हलवते, म्हणजे भाव पटला नसावा.
बोडीवर धुणं आपटताना
एका आपटीला एक शब्द:
रेपु, वद्दु, लेदु,
रेपु, वद्दु, लेदु.
पलीकडून जाळं टाकणारा पोरगा ओरडतो,
"वयनी, कोनाले शिव्या देऊन रायली वं?"

वद्दु म्हणजे नको.
जीभ अडत नाही, मान अडते.
तिला वर-खाली हलायचीच सवय.

संध्याकाळी पोचूबाईकडं जाते.
तिचं माहेर सिरोंच्याहून पुढं, प्राणहितेच्या पार.
नांदायला आली तेव्हा सासूनं बजावलं होतं,
"तुही कडकड आमच्या घरी चालाची नाई."
चाळीस वर्षं तिनं ती बोली
उतरंडीच्या तळच्या गाडग्यात ठेवली.
आता काढते तर काही शब्द शाबूत,
काहींना सोंडे लागलेले.
मुंगसाला काय म्हणतात ते तिला आठवत नाही.
"जाऊ दे," म्हणते,
"मुंगसासंग तुले काय बोलाचं हाये?"

मग आम्ही मालक-मजूर खेळतो.
ती खाटेवर पाय पसरते,
नसलेल्या मिशीला पीळ देते.
मिरच्या नाहीत म्हणून सुपात लाखोरीच्या शेंगा.
सूप हातात तोलून म्हणते, पदि किलोलु.
दहा किलो.
मी म्हणायचं, तूकम तक्कुव उंदि,
वजन कमी भरलं.
मी म्हणते, पण शेणानं सारवलेल्या जमिनीकडं बघून.
"जमिनीले काय सांगतं? माह्याकडं पाह्य!"
तूकम तक्कुव.
"मेल्यावानी बोलतं. अजून एक डाव."
कितव्या तरी वेळी आवाज असा निघाला
की झोळीतली माझी पोर दचकून रडली
आणि पोचूबाई हसत सुटली, मालकपण विसरून.

"पाप," ती म्हणाली, पोरीकडं बोट करून.
मी चरकले.
"अवं, पाप म्हंजे पोट्टी. मा पाप, आपली पोट्टी."
घ्या आता.
आपण म्हणतो मापात पाप,
तिथं मापाच्या काट्याशेजारी
झाडाला बांधलेल्या झोळीत
खरंच एक पाप निजलेली असेल,
आणि तिला पाजायला
मला मालकाकडून थोडा वेळ मागायचा असेल.
मा पाप एडुस्तुंदि. पोर रडते आहे.
हे वाक्य एकदाच ऐकलं आणि पाठ झालं.

काल निघताना दारात चप्पल चाचपत होते,
ती आतून काही बोलली.
अन्नम तिन्नवा?
हे आमच्या धड्यात नव्हतं.
मालक असं विचारणार नाही, मुकादम तर नाहीच.
मी अन्नम ओळखलं, उरलेलं अंदाजानं,
आणि पाठ केलेल्यातून उत्तर शोधू लागले:
किती, कमी, नको, उद्या.
एकही लागू पडेना.
लेदु होता माझ्याकडं,
पण तो मी पैशाच्या भांडणासाठी राखून ठेवलेला.

लाइट गेलेली. तिचं तोंड दिसत नव्हतं.
विचारणारी पोचूबाई होती
की नदीपलीकडची तिची आई, कोण जाणे.
"नाही जेवले," मी म्हटलं.
"लेदु म्हन."
लेदु, म्हटलं,
तशी ती गुडघ्यावर हात देऊन उठली
आणि भाताचं गंज चाचपू लागली.