इतर

पगार आला की पंचफुला आधी हात धुते,
मग वही काढते.
वही प्रणालीची, सातवीतली, निम्मी कोरी राहिलेली.
डाव्या पानावर समास आणि विग्रह,
उजव्या पानावर तेल, मीठ, जवस,
आणि गॅस, तोही अर्धाच;
अर्धा स्वयंपाक पऱ्हाटीच्या जाळावर.

मी गावाच्या पाण्याचा माणूस. व्हॉल्व्ह सोडतो.
खालच्या आळीला चाळीस मिनिटं,
बौद्धपुऱ्याला चाळीस,
टेकडीवरच्या सहा घरांना पंचावन्न,
कारण चढावर पाण्यालाही दम लागतो.
ग्रामपंचायत माझा पगार असाच सोडते,
तीन महिन्यांतून एकदा,
आणि कमी दाबानं.

म्हणून वही.
वरण सरवा वेचून आणलेल्या तुरीचं, घरीच भरडलेल्या.
अंबाडी वाळवून मडक्यात, तिची बोंडं शरबताला.
कूलर दुपारी दोन ते चार.
चाराला ती स्वतः उठून बटन बंद करते,
मी झोपेत असलो तरी,
खरं तर मी झोपेत असलो की नक्कीच.
चहा दोनदा. तिसरा पाहुण्याच्या नावानं लिहायचा:
'भाऊजी, साखर दोन चमचे.'
माझ्या भावाला हे अजून माहीत नाही.

माझा खर्राही आहे तिथं,
आठवड्याचे सात, एकशे चाळीस.
त्यापुढं तिनं काही लिहिलेलं नाही,
फक्त पेन जरा जोरात दाबलाय.

आणि दर मंगळवारी, बाजाराच्या यादीत सगळ्यात खाली:
इतर, वीस.

मी मागं मागं पानं चाळली.
पोळ्याच्या आठवड्यात इतर वीस.
प्रणालीला टायफॉइड झाला तेव्हा तीन मंगळवार इतर नाही,
चौथ्या मंगळवारी पुन्हा वीस.
भिशी म्हणावी तर भिशीचा रकाना वेगळा.
विचारलं, "हे इतर काय व्हय?"
म्हणाली, "इतर म्हंजे इतर,"
आणि पान उलटलं.
तिकडं द्वंद्व समासाची पाच उदाहरणं होती.

मग एकदा टेकडीचा व्हॉल्व्ह गळायला लागला.
वायसर आणायला मी बाजारात गेलो, मंगळवारच होता.
रसवंतीच्या हिरव्या कापडाखाली पंचफुला बसलेली.
पिशवी दोन पायांत, चपला काढून ठेवलेल्या,
तळवे ओल्या जमिनीवर टेकलेले.
चरकाचे घुंगरू वाजत होते.
ती गिलास असा पीत होती
जसा मी उन्हाळ्यात टाकीचा शेवटचा हात सोडतो,
थोडा, मग थांबून, मग थोडा.
"बरफ टाक न जी अजून," म्हणाली पोराला,
एवढ्या मोठ्यानं, की मीच दचकलो.
घरात हा आवाज मी ऐकलेला नाही.
दहा मिनिटं ती कोणाचीच कोणी नव्हती.
कांद्याच्या ढिगामागं उभा राहून
मी माझ्या बायकोकडं परक्या बाईसारखं पाहिलं,
आणि लाज वाटून मान फिरवली.

येताना मागच्या रस्त्यानं आलो,
नाल्याकाठानं, पायी.
ती बसनं आली. वांगे महागले म्हणाली.
"ऊन लय होतं का?"
"होतं."

त्या आठवड्यात मी सहाच खर्रे खाल्ले.
शनिवारी रात्री तिची बेरीज बसेना.
एकदा केली, दोनदा केली,
जवसाचा डबा उपडा करून चिल्लर मोजली,
मग माझ्याकडं पाहिलं, चोर सापडल्यासारखं.
"वीस उरले. काऊन उरले?"
"व्हॉल्व्ह गळत होता," मी म्हणालो, "बसवला."

ती बराच वेळ पेन धरून बसली.
इतरमध्ये घालते की काय, मी श्वास रोखून होतो.
नाही घातले.
खाली नवीन ओळ आखून तिनं लिहिलं: शिलक्क.
त्या वहीत तो शब्द पहिल्यांदाच येत होता.
सकाळी प्रणालीनं तो लाल पेनानं दुरुस्त केला.