दुसरा कप्पा

तापकीर गल्लीत, वायरींच्या भेंडोळ्यांखालून वाकत
तिसऱ्या मजल्यावर गेलं की शकील बागवानांचं दुकान.
दारावर पाटी: घाई असेल त्यांनी नवीन घ्यावे.
मला घाई नव्हती. मार्चअखेर उरकली होती,
मार्केट यार्डातल्या मिरचीवाल्यांचे हिशेब मिटवून
बोटं अजून चुरचुरत होती.

यादी नेली होती. अर्थातच रकाने आखून.
मालिकेचे एकूण भाग नऊ.
नवं यंत्र: सातवा, आठवा, नववा.
तिसराही मिळतो त्यावर, पण घासूनपुसून,
चेहरे लग्नाच्या अल्बमातल्यासारखे गुळगुळीत,
आणि दलदलीतल्या त्या म्हातारीला
आता कुणीतरी आवाज दिलाय.
मी तिला आजवर माझ्या आत्याच्या आवाजात वाचत आले.

हातात मावणारं यंत्र: चौथा आणि पाचवा.
पडदा पोस्टकार्डाएवढा. अक्षरं मुंग्यांची.
चाळिशीचा चष्मा त्या किमतीत धरलेला नाही.

करडं, झाकण उघडणारं: तिसरा ते सहावा.
पण जपानी तबकडीला कुलूप,
आणि त्याला जाड टीव्ही लागतो.
आमचा जाड टीव्ही आम्ही भंगारवाल्याला दिला,
बदल्यात एक बादली घेतली.
बादली अजून आहे.

पहिला, दुसरा: कशावरच धड नाहीत. रकाना रिकामा.

शकीलभाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली.
"ताई, तुम्हाला नक्की खेळायचाय कुठला?"
हा रकाना मी आखलाच नव्हता.

तिसरा, म्हणाले.
तिसरा. धनकवडीत, गीतांजली शेंडकरच्या घरी,
शाळा सुटल्यावर पाऊण तास,
तिची आई ड्युटीवरून यायच्या आत.
बटणं ती दाबायची. नकाशे माझ्याकडे,
चौकटीच्या वहीत, बेचाळीस पानं:
कुठल्या विहिरीत दोरी आहे,
कुठल्या पुजाऱ्याला मीठ दिलं की पूल उघडतो.
मग तिच्या वडिलांची बदली झाली, परभणीला.
वही तिच्याबरोबर गेली की माझ्याकडून हरवली,
याबद्दल दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळत नाहीत.

त्यांनी करडं यंत्र लावून दाखवलं.
"लेन्स बदललीय. झाकण नीट बसत नाही,
वरती काहीतरी ठेवा. डिक्शनरी चालते."
जुनं मेमरी कार्ड आत तसंच होतं.
पहिला कप्पा: नाव बबडू.
पातळी एकसष्ट. चौऱ्याऐंशी तास, बारा मिनिटं.
शेवटच्या दारासमोर.
पिशवीत नव्व्याण्णव औषधी मुळ्या,
एकही न वापरलेली.

"कुणाचं हे?"
"आंबेगावचे एक काका देऊन गेले. मुलाचं असेल.
पुसून देतो."
नको, म्हणाले मी. जरा मोठ्यानेच.
शेजारी चार्जर बघणारा माणूस वळून पाहू लागला.

चार हजार दोनशे. घासाघीस राहूनच गेली.
जाड टीव्ही त्यांनीच काढून दिला, सहाशेला.
रिक्षावाल्याने सामानाचे वेगळे मागितले
आणि स्वारगेटपर्यंत मला समजावलं
की एवढ्या पैशांत सपाट आला असता.

रात्री बबडूला एकदाच उघडलं.
तो दाराकडे तोंड करून उभा,
जागच्या जागी किंचित खालीवर होत,
रांगेत कंटाळलेल्या मुलासारखा.
ते दार माझं नाही.
त्याने मुळ्या कशासाठी राखल्या होत्या
तेही मी विचारणार नाही.
मी पण राखते. कपाटात तीन कोऱ्या चादरी आहेत.

दुसऱ्या कप्प्यात गेले.
यंत्राने नाव विचारलं. पाच इंग्रजी अक्षरं मावतात.
वैजयंती कधीच मावली नाही.
वैजा लिहिलं,
सत्तावीस वर्षांनी, आणि बोट दोनदा चुकलं.

नवीन वही चौकटीचीच आणलीय.
पहिलं पान: विहीर, दोरी, पुजारी, मीठ.
सगळं आठवत होतं. पूल उघडला.
पुलावर पहिल्याच बेडकाने मारलं,
आणि जतन करायचं राहिलं होतं.