तांदळातलं नाव

रात्री एक पन्नास. ठाकूरद्वारची रक्तपेढी.
खाली फ्रीजांची घरघर,
वर पोटमाळ्यावर मी, एक टेबलफॅन आणि सर्व्हर.
नवी सिस्टिम घातली, शेवटची ओळ बिनतक्रार आली.
म्हटलं, सुटले. चालू करायचं आणि घर गाठायचं.

पडदा काळा. मग एकच वाक्य:
एसडीबी-एक सापडत नाही.

न सापडायला ती जाते कुठे?
डबा उघडला. तिन्ही डिस्क जागच्या जागी,
कोमट, बारीक थरथरत,
काल होत्या तशाच.
बदलला होता फक्त हजेरी घेणारा.
आधी ज्याने ओ दिली त्याला आधीचं अक्षर,
एवढाच त्याचा हिशेब.

डाबरे सर निवृत्त होताना वही देऊन गेले.
पान चार, हिरवी शाई:
बी म्हणजे रक्तदाते. सी म्हणजे नक्कल.
खाली दोनदा रेघ. सरांना रेघांवर फार विश्वास.

मी ती ओळ बंद केली, यंत्र पुढे ढकललं,
बाकीचं सकाळी बघू म्हणून.
यंत्र उठलं. मी पर्स उचलली.
जिना अर्धा उतरले असेन
आणि पायच थांबले.

तीन वाजता नक्कल निघते.
रोज. बीवरून सीवर. न विचारता, शेवटच्या कणापर्यंत.
आणि आज बी कोण आहे?
परवा लॅमिंग्टन रोडवरून आणलेली
कोरी करकरीत डिस्क आहे.
सी कोण आहे?
एकोणीस वर्षांचे दाते आहेत.

दोन अठ्ठेचाळीस.
मी काम थांबवलं तेव्हा बोट कापत होतं
आणि खालून रामसजीवन विचारत होता,
मॅडम, लाईट बंद करू का?
नको, म्हटलं. कशालाच हात लावू नको.

मग बसून राहिले थोडी.

माझ्या लग्नात ताटभर तांदूळ पसरून
अंगठीच्या टोकाने माझं नवं नाव लिहिलं होतं.
मृणालिनी.
ताट उचलताना शेवटची वेलांटी सांडली.
दोन महिने त्या नावाने हाक आली
की मी वळतच नसे.
सासूबाईंना वाटलं, मुलगी कानाने अधू.
मी तिथेच असायचे, ओट्यापाशी, पाठमोरी,
अख्खी रेवती, चुऱ्यांची.
खालच्या कपाटात माझी दोन दातेकार्डं आहेत,
दोन नावांची.
गट एकच, बी निगेटिव्ह.

आणि लॅमिंग्टन रोड तरी कुठे लॅमिंग्टन राहिलाय?
पाटीवर भडकमकर, तोंडात लॅमिंग्टन,
आणि सिटी सर्व्हेच्या नकाशात
प्लॉटचा आकडा तोच.

तर आकडा शोधायचा.
डिस्कला विचारायचं, तुझं नाव नको सांगूस,
तू कोण ते सांग.
तिने सांगितलं: बत्तीस अंकाक्षरं, मध्ये चार आडव्या रेघा,
सात-सी-चार-ई अशी सुरुवात.
उच्चारायला जीभ नाही, लाडाने हाक मारता येत नाही,
पण कुठल्याही खाचेत बसवा, हीच.
मी ती यादीत घातली, एसडीबी खोडून.
तीन वेळा वाचली, मोठ्याने, पंख्याला ऐकवत.
नकलेच्या कामातही अक्षरं काढून आकडे टाकले;
कोऱ्या डिस्कला अजून तसा आकडा नव्हता,
तिचा पाठीवरचा सिरियल नंबर घेतला.

पुन्हा चालू. मी पडद्याकडे बघितलंच नाही,
बघितलं तेव्हा पहिला दाता उघडला होता:
गजानन लोटलीकर, वय चोवीस, ओ पॉझिटिव्ह.
आता असतील त्रेचाळीसचे.

वहीत सरांची ओळ मी खोडली नाही.
बाजूला लिहिलं: अक्षरांवर जाऊ नये.
तारीख घातली.
सही करताना पेन जरासं अडलं,
अडतंच अजून.
रामसजीवनने कटिंग आणून ठेवला होता,
साय धरलेला, गार.
तसाच प्यायले.